पहिल्या मानांकिताला हरवलं त्या वर्षी

पेपरात 'धक्कादायक निकाल' असं छापून आलं की मला अजूनही राग येतो. धक्का कोणाला? जिंकणाऱ्यांना तर बसत नाही. त्यांनी त्यासाठीच दोन-तीन महिने पाय झिजवलेले असतात. धक्का त्यांना बसतो, ज्यांनी स्पर्धेच्या आधीच टेबलाभोवती बसून कोण पहिलं, कोण दुसरं हे ठरवून टाकलेलं असतं. आणि पेपर छापतो तो त्यांचा धक्का.

या आठवड्यात परत छापून आलं. कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धा नुकत्याच सुरू झाल्यात, पहिल्याच फेरीत कुठलातरी मानांकित संघ हरला, आणि खाली बारीक अक्षरात, की यंदा झोन पुन्हा बदलले आहेत. माझा चहा गार झाला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. त्याला काय सांगणार? म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते. बाप सातवी शिकलेला, आई शाळेत गेलीच नाही, मोठा भाऊ दहावीला गणितात अडकला तो शेतातच राहिला. कपाशी, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. मी बी.ए.ला नाव घातलं तेव्हा बाप म्हणाला, "शिक बाई. पण गावाले बोलाले जागा देऊ नको." फुटबॉल त्याच्या ध्यानीमनी नव्हता. माझ्याही नव्हता.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत. तिथं मुलींचा फुटबॉल संघ खेळाच्या प्रेमातून निघाला असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार होती आणि तिला मुलींचा एखादा संघ दाखवायचा होता. कबड्डीत सगळीकडच्या मुली तयारीच्या. फुटबॉलला संघच कमी, म्हणजे नुसता भाग घेतला तरी नाव वर. इतिहास शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात संघ टाकला, कारण ते त्यांच्या काळात थोडंफार फुटबॉल खेळले होते. सर तासिका तत्त्वावरचे. म्हणजे त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची, आणि ती होणार की नाही हे संस्थेच्या सचिवांच्या मनावर. या सचिवांना लहानथोर सगळे 'भाऊ' म्हणायचे.

समिती आली, पोहे खाऊन गेली. त्यानंतर संघ बंद पडायला हवा होता. पडला नाही, तो आमच्या कॅप्टनमुळं.

कॅप्टन जवळच्या बंजारा तांड्यावरची. घरात गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, सरांशी पुस्तकातली मराठी, आणि मैदानावर शिव्या, त्या तिन्ही भाषांतल्या. अंगानं किरकोळ, पण चेंडू पायात आला की समोरची बाजूला व्हायची. तिनं ठरवलं होतं की विद्यापीठाच्या संघात जायचंच. मी एकदा विचारलं, "जाऊन काय करशील वं?" ती म्हणाली, "दुसऱ्या राज्यात जाऊन खेळीन. आमच्या तांड्यातून लोक ऊस तोडाले दुसऱ्या राज्यात गेले. खेळाले कोणी नाही गेलं."

विद्यापीठाच्या निवड चाचणीला कोण जाणार याचा नियम सोपा होता. विद्यापीठाखालच्या कॉलेजांचे खेळासाठी गट पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनच्या अंतिम सामन्यात जे दोन संघ पोचतील, त्यांच्या मुलींना चाचणीचं बोलावणं. मागच्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात हरलो आणि तिसऱ्या आलो. एका सामन्यानं हुकलं. आता कॅप्टनचं शेवटचं वर्ष होतं. पोचायचं तर याच वर्षी.

आम्ही पुसदच्या झोनमधे होतो. पुसद म्हणजे आमचा दवाखाना, आमचं कापडाचं दुकान, तास-सव्वा तासाचा रस्ता. त्या वर्षी पावसाळ्यात सर वर्गावर आले, पुस्तक उघडलं आणि बंद केलं.

"आपला झोन बदलला. आता वणी."

वणी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. यवतमाळवरून वळसा घालून चार तास.

"काहून सर?" कॅप्टननं विचारलं.

"समतोल केला म्हणतात."

समतोल कसा, तर वणीच्या झोनला एक संघ कमी पडत होता. पोत्याचं तोंड शिवताना चिंधी लावतात तसं आम्हाला तिथं लावलं. ज्या बैठकीत हे ठरलं तिथं मोठ्या कॉलेजांचे कायम नोकरीतले क्रीडाशिक्षक. आमच्याकडं तसं पदच भरलेलं नव्हतं. सर स्वतःच्या खिशातून तिकीट काढून गेले, पण तासिकावाल्याला तिथं मत नाही. मागच्या खुर्चीवर बसून ऐकून आले.

इतक्यावर भागलं नाही. मागच्या वर्षी तिसऱ्या आलो म्हणून यंदा आम्हाला तिसरं मानांकन मिळायला हवं होतं. ते मिळालं नाही. का, तर ते जुन्या झोनमधलं होतं. मास्तरची बदली झाली तर त्याची नोकरी जाते का? आमचं मानांकन मात्र गेलं. बिनमानांकित म्हणून आमची चिठ्ठी काढली आणि पहिलाच सामना पडला पहिल्या मानांकित संघाशी. यवतमाळचं मोठं कॉलेज, त्यांना शिकवायला वेगळा कोच, बसायला वेगळी बस.

सर म्हणाले, "हरलो तरी अनुभव मिळेल."

कॅप्टन म्हणाली, "अनुभव मागच्या साली भेटला सर. यंदा दुसरं काही पाहू."

तो सामना मी अजून पायांनी आठवते. वणीत रात्रभर पाऊस होऊन गेला होता आणि मैदान काळ्या मातीचं. आमच्याकडं काळी माती ओली झाली की चपलेला धरते ती सोडत नाही, एका पायाचे दोन पाय होतात. यवतमाळच्या मुली सवयीप्रमाणे चेंडू जमिनीवरून एकमेकींना देत होत्या आणि तो मधेच चिखलात बसून जात होता. आम्ही अख्खा पावसाळा कॉलेजमागच्या तसल्याच चिखलात खेळलो होतो. चेंडू खाली ठेवायचाच नाही, उचलून मारायचा, आणि तो जिथं पडेल तिथं आधी पोचायचं, हे कॅप्टननं आमच्या डोक्यात बसवलं होतं. मी डाव्या बाजूला बचावात. त्यांच्या उजवीकडच्या मुलीनं मला पहिल्या अर्ध्यात दोनदा पाडलं, दुसऱ्या अर्ध्यात मी तिला हलू दिलं नाही. गोल झाला तो उत्तरार्धात. आमच्या गोलकीपरनं लांब मारलेला चेंडू त्यांच्या दोघींच्या मधे उतरत होता, त्या दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि कॅप्टननं तो खाली टेकायच्या आधीच उडता आत मारला. त्यांच्या गोलकीपरचा हात लागला होता, पण चिखलानं चेंडू निसटला. एक-शून्य. शेवटपर्यंत तेच.

शिट्टी वाजली तेव्हा आम्ही ओरडलोही नाही. कॅप्टन चिखलात बसली आणि म्हणाली, "आता एकच." एक सामना, उपांत्य. तो जिंकला की अंतिम सामना, आणि अंतिम सामन्यात हरलो तरी चाचणी. समोर येणारा संघ मुकुटबनकडच्या मुलींचा होता. आम्ही त्यांचा खेळ पाहिला होता. चांगल्या होत्या, पण आमच्यासारख्याच.

दुपारी पुन्हा धो धो आला आणि मैदानात पाणी साचलं. आयोजकांनी सांगितलं, उपांत्य सामने एक दिवस सोडून, सकाळी अकराला. राहायची सोय आमची नव्हतीच. भाड्याच्या क्रूझर जीपमधे एकमेकींच्या मांडीवर बसून परत आलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. 'धक्कादायक निकाल, अव्वल मानांकित संघ नवख्यांकडून गारद.' नवख्या कोण? मागच्या वर्षी तिसऱ्या आलेल्या. ते कात्रण भाऊंपर्यंत गेलं, आणि तिथून आमची माती झाली.

आमच्याकडं कोणी काही केलं की त्याचा सत्कार करतात. दहावीत पास झाला, सत्कार. निवडून आला, सत्कार. बदली झाली, सत्कार. त्यात वाईट काही नाही. पण काम व्हायच्या आधी सत्कार करायची खोड मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला. उद्या सकाळी सहाला निघायचं तेव्हा फाट्यावर छोटासा सत्कार आहे, भाऊ येणार आहेत, पालकांना बोलावलंय, आणि मुलींनी साडीत यायचं आहे.

"साडीत?" मी म्हटलं. "सर, आपण फुटबॉल खेळाले जाऊन राह्यलो."

"खेळाचे कपडे बॅगेत ठेवा. फोटो येणार आहे पेपरात. समजून घ्या बाई."

त्यांचा आवाज ऐकूनच मला कळलं की त्यांनी आधी नाही म्हणून पाहिलं असणार, आणि त्यांना नेमणुकीची आठवण करून दिली असणार.

फाट्यावर मांडव घातला होता. मागं मोठ्ठं फ्लेक्स. त्यावर भाऊंचा हात जोडलेला फोटो माणसाएवढा, आणि आम्ही सगळ्या मिळून खालच्या कोपऱ्यात पासपोर्टच्या आकारात. सहा वाजून गेले तरी भाऊंचा पत्ता नाही. पण फेटेवाला आला होता. अकराजणींना गुलाबी फेटे बांधायचे होते आणि फेटेवाला एक. तो एकेका डोक्यावर असा काही कलाकुसरीनं बांधायला लागला की आज लग्नच आहे. कॅप्टनच्या डोक्याला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "दादा, लवकर गुंडाळ न. पिको-फॉल नाही करायचं याले."

समोर खुर्च्यांवर आमचे आईबाप. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर कोणी म्हणेल, तुम्ही निघून का नाही गेल्या. माझा बाप इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आई कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पहिल्या रांगेत. कॅप्टनची आई, तिला आम्ही सगळ्याच याडी म्हणायचो, तांड्यातल्या चार बायकांना घेऊन आलेली. या लोकांना आजवर मांडवात नावानं कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलं असेल तर सतरंजी अंथरायला. त्या दिवशी त्यांना खुर्ची होती आणि खुर्चीला पांढरं कापड.

सात झाले. मी बापाजवळ गेले.

"बाबा, आम्ही निघतो. अकराले सामना आहे."

"बस न बाई जराशी. भाऊ येऊन राह्यले."

"वणी चार तास आहे, बाबा."

"अवं, भाऊ आले की दहा मिनिटं. एवढ्या लोकांत उठून जाशील तर कसं दिसन?"

कॅप्टन सरांजवळ उभी होती. सर घड्याळ पाहत होते आणि पुन्हा पुन्हा फोन कानाला लावत होते. ती मला म्हणाली, "ड्रायव्हरले सांगून ठेव, गाडी चालू ठेव म्हणा." ड्रायव्हर टपरीवर होता. मी त्याला ओढून आणला. तो गाडीत बसला आणि परत उतरला, कारण त्याच्यापुढं सरपंचाची गाडी आडवी लागली होती.

भाऊ आले आठच्या सुमाराला. कुठल्याशा मयताच्या घरी तेरवीला जाऊन आले होते. माळा झाल्या, नारळ झाले, शाली झाल्या. अकरा शाली, त्याही एकेकीला वेगळ्या माणसाच्या हातून, म्हणजे अकरा माणसांना फोटो. मग आईबापांचा सत्कार. माझ्या आईच्या हातात नारळ दिला तेव्हा तिला तो कसा धरायचा हे कळेना, आणि ती हसली. ते हसणं मला हवं होतं. त्या सकाळी नको होतं, पण हवं होतं. माझ्या रागाचं सगळ्यात वाईट हेच आहे. त्या माणसानं मला माझ्या आईच्या हसण्याचा राग यायला लावला.

मग भाषणं. सर भीत भीत भाऊंच्या कानाशी गेले. भाऊंनी माइकवरूनच उत्तर दिलं.

"सर म्हणून राह्यले उशीर होते. अरे, सामना काय पळून जाते? ज्या पोरींनी यवतमाळले पाणी पाजलं त्याहिले वणी काय चीज आहे?"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. माझ्या बापानंही वाजवल्या. मग झोन बदलला तो किती चांगला झाला हे भाऊंनी सांगितलं, कारण त्यामुळं आमच्या मुलींना साऱ्या जिल्ह्यानं पाहिलं. मी फेट्यात उभी राहून ते ऐकत होते. कॅप्टन माझ्या शेजारी. ती ओठ न हलवता गोरबोलीत काहीतरी म्हणाली. अर्थ मी विचारला नाही. गरज नव्हती.

निघालो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते.

क्रूझरमधे आम्ही साड्या सोडल्या. खिडक्यांना शाली लावल्या, त्यांचा तेवढा उपयोग झाला. ड्रायव्हरनं गाडी हाणली, पण आर्णीच्या पुढं रस्त्याचं काम, यवतमाळात गर्दी. सर पुढच्या सीटवरून आयोजकांना फोन करत होते. अर्धा तास थांबतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी फोन उचलणं बंद केलं. कॅप्टननं बूट घालून नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या.

पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आज मैदान सुकलं होतं. मुकुटबनकडच्या मुली सावलीत बसल्या होत्या. त्यांना पुढे चाल देऊन झाली होती. आम्ही न खेळता हरलो होतो, त्या न खेळता अंतिम सामन्यात.

आम्ही खेळाच्या कपड्यांत तशाच मैदानात उतरलो. आयोजक समोर आले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी नियमापेक्षा जास्तच वाट पाहिली होती.

"उशीर का झाला?" त्यांनी विचारलं.

सरांच्या आधीच कॅप्टन म्हणाली, "सत्कार होता."

"कशाचा?"

"आम्ही जिंकलो त्याचा."

त्यांना वाटलं असेल, थट्टा करते आहे.

मुकुटबनच्या संघाची कॅप्टन उठून आमच्याजवळ आली. गोल चेहऱ्याची, केस आखूड कापलेले. "आम्हाले असं जिंकायचं नोहतं बाई. आम्ही म्हटलं सरांले, खेळू द्या म्हणून. नाही म्हणाले." मग ती आमच्या कॅप्टनला म्हणाली, "तुमचा तो उडता गोल म्या पाह्यला होता. तुमच्या समोर उभं राहाचं म्हणून कालपासून मले झोप नोहती."

"मले आता नाही येणार," कॅप्टन म्हणाली.

घरी आले तर बाप ओसरीवर बसलेला. नारळ देवापुढं ठेवून दिला होता. मी सांगितलं. तो तंबाखू मळायला लागला.

"आम्ही आलो म्हणून झालं काय हे?"

"तुमच्यानं नाही, बाबा. भाऊंच्यानं."

"म्या तुले बस म्हटलं."

"तुम्ही एकटे नोहते म्हणत."

तो तंबाखू तोंडात न टाकता उठून गेला. भाऊंबद्दल वाईट बोलायचं त्याला या वयात जमणार नव्हतं. माझ्या वाट्याचं मी बोलायचं ठरवलं.

पण त्याच्याही पुढची गोष्ट व्हायची होती. आठवड्यानं कॅप्टन कॉलेजात आली, वर्गात न येता मला बाहेर बोलावलं. विद्यापीठाच्या चाचणीला कोणाकोणाला बोलावलं हे तिला कळलं होतं. अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांच्या मुली, ते ठीक. आणि यवतमाळच्या संघातल्या तिघी, विशेष बाब म्हणून. आम्ही पहिल्याच फेरीत घरी पाठवलेल्या संघाच्या. का? तर त्या पहिल्या मानांकित होत्या. अशा संघाच्या चांगल्या खेळाडू एका दुर्दैवी सामन्यानं वाया जाऊ नयेत म्हणून.

दुर्दैवी सामना. म्हणजे आमचा विजय.

मी प्राचार्यांकडं गेले. एकटी. सांगितलं, हरलेल्या संघाला विशेष बाब, मग हरवणाऱ्या संघाच्या कॅप्टनला का नाही, कॉलेजनं विद्यापीठाला लिहावं. प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "लिहायचं तर उशीर का झाला तेही लिहावं लागेल. ते मला कसं लिहिता येईल?" मी म्हटलं, "मला येतं. मी लिहिते, तुम्ही सही करा." ते खिडकीबाहेर पाहायला लागले. मी त्यांच्या केबिनमधे जरा मोठ्यानं बोलले. काय बोलले ते सगळं इथं देत नाही, पण एक शब्दही मागं घेतलेला नाही.

बाहेर आले तर कॅप्टन उभी. सगळं ऐकलेलं.

"झालं बोलून? आता भाऊकडं चाल."

"त्याच्याकडं? कायले?"

"चाल त खरं."

याडी, ती आणि मी, तिघी भाऊंच्या बंगल्यावर गेलो. भाऊ झोपाळ्यावर. याडी खाली बसायला लागली तर कॅप्टननं तिच्या दंडाला धरून तिला खुर्चीवर बसवलं. स्वतः उभी राहिली.

"भाऊ, मले विद्यापीठाच्या चाचणीले जायचं आहे. आम्ही पहिल्या नंबरले हरवलं. त्याहिच्या तिघी चालल्या. मी काहून नाही?"

"अरे, एवढंच?" भाऊ म्हणाले. "मंग आधी नाही का सांगायचं."

फोन लावला. माणूस ओळखीचा निघाला. "हां, आपली पोरगी आहे. पाहून घ्या जरा." बस. चहा यायच्या आत काम झालेलं होतं. त्या फोनवर ना चिखल होता, ना गोल, ना आमचे दोन-तीन महिने. 'आपली पोरगी.' मला तिथंच काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. ज्या माणसामुळं गेलं, त्याच्याकडूनच ते भीक म्हणून घ्यायचं.

चहा मी घेतला नाही. रस्त्यात मी तिच्यावर उखडले.

"तू काहून गेली त्याच्या दारात? हक्काचं होतं ते तुह्यं."

"हक्काचं होतं म्हणूनच गेली."

"आता सारे म्हणतीन, वशिल्यानं गेली."

"म्हणू दे न."

"त्याले एकदा तरी म्हणायचं होतं, भाऊ, तुमच्यामुळं आमचा सामना गेला."

ती थांबली. याडी पुढं चालत होती. कॅप्टन हळू आवाजात म्हणाली, "तुले भाऊची चूक कबूल करून घ्यायची आहे. मले खेळायचं आहे. दोन्ही एका फोनमधी नाही होत. तू भांड. कोणीतरी भांडलंच पाहिजे. पण मह्यं शेवटचं वर्ष आहे."

राग गेला नाही, फक्त तिच्यावरचा उतरला.

चाचणीला मी तिच्यासोबत गेले. याडीनं एकटीला सोडलं नसतं. मैदानावर निवड करणारे एक गृहस्थ होते, गळ्यात शिट्टी. त्यांनी तिला वरून खाली पाहिलं.

"भाऊंकडची तूच का? त्यांच्या नात्यातली?"

"नाही सर. कोणीच नाही."

पाठीमागून कोणीतरी फिसकन हसलं. मी कुंपणाबाहेर होते, तरी ऐकू आलं. तेवढ्यात यवतमाळच्या त्या तिघींमधली एक पुढं आली. त्यांची गोलकीपर. आमचा चेंडू जिच्या हातातून निसटला होता ती.

"सर, ही कोणाकडची ते सोडा," ती म्हणाली. "आम्ही हिच्यामुळं हरलो. हिला घेतलं नाही तर मला का घेता?"

गृहस्थांनी शिट्टी तोंडात घातली आणि खेळ सुरू केला.

कॅप्टनची निवड झाली. तिच्या पायांनी झाली, ते तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. पेपरात आलं, 'सचिवांच्या प्रयत्नांना यश'. ती गेली, दुसऱ्या राज्यात खेळली, पहिल्याच सामन्यात त्यांचा संघ हरला, आणि परत आली ती खुशीत. मैदानावर कसं गवत होतं, चेंडू त्यावरून कसा सरसर पुढं जातो, तिच्या पायाखालून दोनदा कसा निघून गेला, हे आम्हाला कॅन्टीनमधे उभं राहून पाय हलवून दाखवत होती. सगळ्या हसत होत्या. आमची गोलकीपर, मधल्या फळीतल्या दोघी बहिणी, उजव्या बाजूची, सगळ्या. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांच्यातल्या एकीलाही पुन्हा फुटबॉल खेळायला मिळाला नाही. पुढच्या वर्षी संघच निघाला नाही. समिती येऊन गेलेली होती, आणि कॅप्टनही कॉलेज सोडून गेलेली.

मी पदवी घेतली, माझ्या घरातली पहिली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण तो उपांत्य सामना मी खेळले नाही, आणि तसा सामना मला नंतर कोणत्याच पदवीनं दिला नाही. कॅप्टनसाठी एक फोन झाला. बाकी दहाजणींसाठी कोणी केला नाही, आणि करायची गरजही नव्हती. आम्हाला फक्त सहाला निघू द्यायचं होतं.